पायरीवरचं वजन

आमची राहायची गाडी दाराच्या बाजूला खाली गेली, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. मुकुंद आले असतील, म्हणून मी डोळे न उघडताच विचारलं, "मिळालं का पाणी?"

"कुठलं पाणी?" आवाज अगदी जवळून आला. "मी अजून गेलोच नाही."

मी वळून पाहिलं. ते माझ्या पायांशी स्टोव्हसमोर मांडी घालून बसले होते. हातात स्टोव्हची पिन होती. दार सताड उघडं होतं आणि दारात कोणी नव्हतं. पायरीच्या पलीकडे नुसता काळा कातळ, त्यावर दुपारचं ऊन, आणि पार टोकाला समुद्राची एक पांढरी रेघ.

"आत्ता कोणीतरी पायरीवर चढलं ना?"

"वारा असेल," ते म्हणाले. पण हातातली पिन त्यांनी खाली ठेवली होती आणि ते दाराकडे बघत होते. थोड्या वेळानं गाडी पुन्हा अलगद वर आली. पायरीवरचा माणूस उतरल्यावर येते तशी.

मुकुंद उठून बाहेर गेले. गाडीला एक फेरी मारून आले. मग पुन्हा स्टोव्हसमोर बसले, पण स्टोव्ह काही त्यांनी पेटवला नाही.

आमचं लग्न नवं होतं, माणसं मात्र जुनी होती. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले होते आणि लग्न न करता पन्नाशी ओलांडली होती. आईच्या आजारपणात फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात मुकुंद बेहेरे भेटायचे, ते वडिलांना घेऊन यायचे. आई गेली, त्यांचे वडीलही गेले, तरी आमचं भेटणं चालू राहिलं. त्यांची पहिली बायको, सुनीती, काही वर्षांपूर्वी वारली होती. मेंदूत रक्तस्राव झाला, देवगडकडे असताना, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं आणि मीही त्याच्या पलीकडे विचारलं नव्हतं.

गाडी त्या दोघांनी मिळून बांधली होती. भोसरीत मुकुंदांचं छोटं वर्कशॉप होतं. तिथे ते यंत्रांना लागणारे हवेचे आणि तेलाचे सिलिंडर बनवायचे. सुट्टीच्या दिवशी दोघं तिथे जाऊन पत्रे ठोकत बसायचे. दोन चाकं, वर ॲल्युमिनियमची खोली, आत दोन बाकं, त्यांचाच पलंग होई, एक ओटा, एक कपाट. सुमोच्या मागे जोडली की चालायला लागायची. देवगडजवळच्या सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर, सुनीतीच्या माहेरची थोडी काजूची जमीन होती. तिथे ते दरवर्षी ती नेऊन उभी करायचे. लग्नानंतर मुकुंद मलाही तिथेच घेऊन आले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी पुन्हा तशीच खाली गेली. या वेळी मी जागी होते, बसलेली होते. वाऱ्यानं गाडी कशी हलते ते एव्हाना मला माहीत झालं होतं. आधी इकडे, मग तिकडे. हे तसं नव्हतं. दाराच्या बाजूचा कोपरा हळूच दबला आणि दबलेलाच राहिला.

मी मुकुंदांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते, पण ते झोपले नव्हते.

"अहो."

"स्प्रिंगचे पाटे जुने झालेत गाडीचे," ते डोळे न उघडता म्हणाले. "उन्हानं कुठे काही सरकत असेल. पुण्याला गेल्यावर बघतो."

"दार तरी लावून घेऊ का? धूळ येतेय सगळी."

"नको." ते एकदम उठून बसले. "दार राहू दे उघडं. दार लावायचं नाही."

आम्ही ठरल्यापेक्षा लवकर परतलो. माझी चक्कर हे कारण झालं. कानाच्या दोषामुळे मला अधूनमधून भोवंड यायची, आणि हलत्या गाडीत ती वाढली होती हेही खरंच होतं.

पुण्याला आल्यावर मुकुंद वर्कशॉपमध्ये जाऊन बसायला लागले. सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे, हाताला तेलाचा वास घेऊन. एके दिवशी मला म्हणाले, "चल, तुला गंमत दाखवतो."

गाडी वर्कशॉपच्या अंगणात उभी होती. चारी कोपऱ्यांना खाली चार जाड नळकांडी लावलेली, प्रत्येकाच्या टोकाला बशीएवढा लोखंडी पाय. पायरीशेजारी एक छोटी पेटी, तिच्यात ओळीनं चार कॉक, नळाच्या तोट्यांसारखे.

"हे सगळं तुझ्या चक्करेसाठी," ते म्हणाले. "आता बघ."

त्यांनी पायानं पंप मारायला सुरुवात केली. चारी पाय हळूहळू खाली आले. अंगण उताराचं होतं, त्यामुळे एक पाय आधी टेकला आणि थांबला, मग दुसरा. चारी टेकल्यावर मुकुंदांनी एकेक कॉक बंद केला.

"नुसत्या हवेवर का नाही ठेवायची?" मी विचारलं. "टायरमध्ये असते तशी?"

"हवा दबते, शैला. वजन आलं की दबते, गेलं की फुगते. म्हणजे गाडी हलतच राहणार. तेल दबत नाही. पाय जमिनीला टेकेपर्यंत हवा तेलाला ढकलते. एकदा टेकला, कॉक बंद केला, की आतलं तेल कुठे जाणार? त्याला वाटच नाही. खडकासारखं उभं राहतं." ते इतके उत्साहानं बोलत होते की मला त्यांच्याकडे बघतच राहावंसं वाटलं. "चढ तू. ये, उडी मार पायरीवर."

त्यांनी आतल्या ओट्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवला होता. साडी सावरत मी पायरीवर चढले, मग जोर देऊन चढले, मग खरोखरच उडी मारली. थेंब सांडला नाही.

"बघितलंस?" मुकुंद म्हणाले. "आता कोणीही चढलं तरी आत कळणार नाही."

ते हसत होते. मला भरून आलं. आईनंतर माझ्या चक्करेचा विचार कोणी केला नव्हता. त्या संध्याकाळी परतताना सबंध रस्ताभर मी त्यांचा तेलकट हात हातात धरून बसले होते.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा सड्यावर गेलो. हवा छान होती. कातळावरचं गवत वाळून पिवळं झालं होतं आणि वाऱ्याबरोबर सळसळत होतं. काजूची राखण करणारा बाबल गाडीचे नवे पाय बघून गेला. चारी पाय कातळावर टेकले, कॉक बंद झाले, आणि गाडी घरासारखी उभी राहिली. मी ओट्याशी उभी राहून भाकरी थापली. डोकं जराही फिरलं नाही.

मुकुंदांनी दाराला नवीन कडीही बसवून घेतली होती. पहिल्या दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी ती स्वतः लावली. "आता लावू शकतो," म्हणाले. मी पडले. डोळा लागतोय तोच कडी वाजली. मुकुंद दार उघडून बाहेर बघत होते.

"काय झालं?"

"काही नाही. झोप तू."

त्यांनी कडी लावली, बाकावर बसले. थोड्याच वेळात पुन्हा उठले, पुन्हा कडी काढली, पायरीकडे बघितलं, पुन्हा लावली. मला झोप लागेना. डोळे मिटून मी ऐकत राहिले. कडी निघायची, लागायची. निघायची, लागायची. ऊन कलेपर्यंत ते चालू होतं.

दुसऱ्या दुपारीही तेच. तिसऱ्या दुपारी मुकुंदांनी जेवणाला हातसुद्धा लावला नाही. दाराशीच उभे राहिले, तळहात दारावर टेकून. पलीकडच्याचा आवाज ऐकावा तसे.

मी पायांत चपला घालून बाहेर पडले. बाबल कुंपणाला काट्या लावत होता.

"वैनीनू, बरां वाटता मां?" त्यानं विचारलं.

"मला काही झालेलं नाही बाबल. यांचंच काहीतरी बिनसलंय. इथे आले की असेच वागतात का हे?"

तो काट्या बांधत राहिला. मग म्हणाला, "पैल्या वैनी गेल्यापासून भाऊ असेच. दुपारचे गाडयेत एकलेच बसतत. दार उघडा टाकून."

"त्या इथे गेल्या? या जागेवर?"

त्यानं खाली गावाकडे उतरणाऱ्या पायवाटेकडे हात केला. "थंय. करवंदीच्या जाळयेत. मीच बघितलंय तेंका. उन्हाचा चलत गेलेले. पायात चपलासुद्धा नाय."

मी तिथेच उभी राहिले. त्या दवाखान्याच्या वाटेवर गेल्या, इतकंच मला माहीत होतं. दवाखान्याच्या वाटेवर मोटारीत गेल्या असतील, मुकुंदांच्या मांडीवर डोकं ठेवून गेल्या असतील, असं मी आपलं धरून चालले होते.

परत आले तेव्हा दाराला आतून कडी होती. मी पायरीवर चढून दार वाजवलं.

आतून इतका विचित्र आवाज आला की मी घाबरले. कोणीतरी धडपडल्याचा, ओटा आपटल्याचा. कडी कशीबशी निघाली. दारात मुकुंद. चेहरा पांढराफटक.

"तू होतीस?" ते म्हणाले. "कधीपासून उभी होतीस? किती वेळ?"

"आत्ताच आले."

"नक्की? नक्की आत्ताच ना? मला कळलं नाही गं. काहीच कळलं नाही."

मला एकाएकी राग आला. इतक्या दिवसांचा साठलेला राग होता तो, माझा मलाच माहीत नसलेला. मी आत आले आणि बाकावर बसले.

"तुम्ही तिचीच वाट बघताय," मी म्हणाले. "तिच्याच जमिनीवर, तिच्याच गाडीत. मग मला कशाला आणलंत? माझी चक्कर, माझी चक्कर म्हणत हे सगळं केलंत, ते माझ्यासाठी नव्हतंच. खरं बोला."

"तुझ्यासाठीही होतं."

"तिला लपवायला होतं. मला कळू नये म्हणून."

"तुला नाही." ते समोरच्या बाकावर बसले. "मला कळू नये म्हणून."

बाहेर वारा पडला होता. गवताची सळसळ थांबली होती. मुकुंद बोलत होते ते आपल्या हातांकडे बघत.

"आमचं भांडण झालं होतं त्या दिवशी. कशावरून ते आठवतसुद्धा नाही आता, इतकं फालतू. ती म्हणाली, मी चालले, आणि निघून गेली. भर एप्रिलची दुपार. मी म्हटलं, जा. आणि कडी लावून पडलो, इथेच. खूप वेळानं गाडी हलली. दाराच्या बाजूला दबली. ती पायरीवर उभी होती, शैला. मला कळलं होतं ती आलीय. तिचा पाय मी ओळखायचो. आधी उजवा टेकवायची, मग जरा थांबायची."

त्यांनी दाराकडे बघितलं.

"मी म्हटलं, हाक मारेल. हाक मारू दे, मग उघडू. निजून राहिलो, श्वास रोखून, लहान मुलासारखा. ती वाट बघत असणार मी उघडायची. तिलाही माहीत होतं ना, गाडी हलली की आतल्याला कळतं. दोघंही वाट बघत राहिलो. मग गाडी वर आली. ती उतरली. मला वाटलं, झाडाखाली जाऊन बसली असेल." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "डॉक्टर म्हणाले, ते व्हायचंच होतं, तुम्ही काही करू शकला नसता. असेल. पण ती दारात आली होती. मदत मागायला आली असेल. डोकं दुखत असेल, बोलता येत नसेल. मी कडी लावून पडलो होतो."

"आणि नंतर?"

"नंतर दर वर्षी येतो मी. दुपारी दार उघडं ठेवून बसतो. गाडी दबते. तूही बघितलंस. दार उघडंच असतं, पण ती आत येत नाही. पायरीवर उभी राहते आणि जाते. तुझ्याशी लग्न झालं तेव्हा वाटलं, आता थांबेल. तू होतीस तरी ती आली. मला सहन होईना. म्हटलं, गाडी हललीच नाही तर प्रश्न मिटला." ते हसल्यासारखं काहीतरी करायला गेले. "आणि आता हे असं. गाडी हलत नाही. आता ती आली तरी मला कळणार नाही. आत्ता या क्षणी उभी असेल दाराबाहेर. तू उभी होतीस तशी. मी आतच बसलेला, पुन्हा."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचे केस मागे विस्कटले होते, शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलं होतं. माझा राग कुठे गेला ते मला सांगता येणार नाही. मी उठले, पायरी उतरले आणि पेटी उघडली.

"काय करतेस?"

"कुठल्या बाजूला फिरवायचे हे?"

मी पहिला कॉक फिरवला. तेल परत जाताना आत खोल कुठेतरी सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला आणि तो पाय कातळापासून सुटला. दुसरा. तिसरा. चौथा. गाडी एकदा डावीउजवीकडे डोलली आणि आपल्या चाकांवर बसली. मी आत आले, तेव्हा माझ्या पावलागणिक खालचा तळ हलत होता. मला तोल सावरायला ओटा धरावा लागला.

"दार लावा," मी म्हणाले.

"शैला, नको."

"त्या दिवशी होतं तसं लावा. कडी घाला."

त्यांनी कडी घातली. आम्ही समोरासमोर बसलो. पत्र्यावर कावळा बसला आणि उडाला, त्याचीसुद्धा जाणीव होत होती. मला भीती वाटत होती. काही झालं तर त्याची, आणि काहीच झालं नाही तर त्याहून जास्त.

मग गाडी दबली.

दाराच्या बाजूचा कोपरा हळूच खाली गेला. जरा थांबला. आणखी थोडा खाली गेला, आणि तसाच राहिला. ओट्यावरचा चमचा घरंगळत काठाशी आला. बाहेर गवताचं पातंही हलत नव्हतं, खिडकीतून मला दिसत होतं.

मुकुंदांनी बाकाची कड घट्ट धरली होती. "तू उघड," ते म्हणाले. "माझ्यानं होत नाही."

"नाही. तुम्हीच उघडायचं."

"शैला."

"ती जाईल पुन्हा. उठा."

ते उठले. दोन पावलांचंच अंतर होतं. कडी काढताना ती त्यांच्या हातातून दोनदा निसटली. मग दार उघडलं आणि सगळं ऊन आत आलं. पायरी रिकामी होती. तिच्यापुढे कातळ, आणि त्याच्यापुढे काही नाही.

"ये," मुकुंद म्हणाले. "सुनीती, ये आत. चुकलं माझं."

आणि ते दारातून बाजूला झाले, भिंतीला पाठ लावून. माणसाला आत यायला जागा द्यावी तसे. का कोण जाणे, मीही पाय जवळ घेतले.

कोपऱ्यातलं वजन हललं. या वेळी ते उतरलं नाही. पायरीची बाजू उचलली गेली आणि माझ्या पायांखालचा तळ किंचित दबला, मग त्याच्या पलीकडचा. मग गाडी स्थिर झाली. मी जे अनुभवलं ते सांगतेय. ते काय होतं, ते मला त्या वेळी माहीत नव्हतं आणि आजही नाही.

मुकुंद बराच वेळ भिंतीला टेकून उभे होते. रडले, पण आवाज न करता. मग बाकावर आडवे झाले, गुडघे पोटाशी घेऊन, आणि बघता बघता त्यांना झोप लागली. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना दुपारी असं गाढ झोपलेलं बघत होते.

मला आत बसवेना. ती खोली त्या वेळी माझी नव्हती. भिंतीला धरून, एकेक पाऊल सांभाळून टाकत मी दाराशी आले आणि पायरीवर बसले. माझ्या वजनानं गाडी त्या बाजूला कलली.

आतून मुकुंद झोपेत बोलले, "जाऊ नकोस गं."

कोणाला म्हणाले ते मला कळलं नाही, आणि पुढे एवढी वर्षं आम्ही एकत्र काढली, तरी मी कधी विचारलं नाही.

"नाही जात," मी म्हणाले.

उतरत्या उन्हात बाबल कातळावरून येताना दिसला. हातात बांगडे मासळीची पिशवी होती. लांबूनच त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. मी हात वर करून त्याला थांबवलं. माझे पाय बधिर झाले होते, कंबर भरून आली होती. पण मी उठले असते तर गाडी हलली असती, आणि आत त्यांना वाटलं असतं, कोणीतरी निघून गेलं. बाबलनं पिशवी काजूच्या फांदीला अडकवली आणि तो आल्या वाटेनं परत गेला. मी बसून राहिले.